लांडगा कोळी: आधी डोळे, मग पेडिपाल्प

रात्री टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर धरून गवताच्या कडेने चालू लागले, की जमिनीलगत दवबिंदूंसारखे ठिपके चमकताना दिसतात. त्यांतला एखादा आपण वाकताच सरकला, तर तो बहुधा लांडगा कोळी असतो. मांजराप्रमाणे त्याच्याही डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असतो.

केवळ तपकिरी रंगावरून मात्र ओळख पक्की करू नये, कारण जमिनीवर धावणारे कितीतरी कोळी याच रंगाचे असतात. खरी खूण चेहऱ्यावर असते. आठ डोळ्यांपैकी चार लहान डोळे खाली एका ओळीत, त्यांच्या वर समोर रोखलेले दोन टपोरे आणि आणखी वर, थोडे मागे, दोन मध्यम आकाराचे अशी ४-२-२ ही मांडणी दिसली, की शंका उरत नाही. हन्ट्समन कोळ्याचे, म्हणजे भिंतींवर दिसणाऱ्या मोठ्या, चपट्या कोळ्याचे, डोळे मात्र चार-चारच्या दोन ओळींत असतात.

नर-मादी ओळखताना मी बराच काळ आकारावर भिस्त ठेवली आणि अनेकदा फसलो. मादी सहसा मोठी आणि पोटाने भरलेली असते हे खरे. पण उपाशी मादी सडपातळ दिसते. त्यापेक्षा तोंडाशेजारचे दोन आखूड, पायांसारखे अवयव, म्हणजेच पेडिपाल्प, पाहावेत. प्रौढ नरात त्यांची टोके मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखी फुगलेली असतात, कारण शुक्राणू साठवून मादीपर्यंत पोहोचवण्याचे काम तीच करतात. मादीचे पेडिपाल्प टोकापर्यंत सडसडीत राहतात. शेवटची कात टाकायची राहिलेल्या नराची टोके फुगीर, पण गुळगुळीत असतात. त्याहून लहान पिल्लांत नुसत्या डोळ्यांनी फरक करता येत नाही, तिथे अंदाज न बांधलेलाच बरा. काचेच्या बरणीत ठेवून खालून पाहिल्यास प्रौढ मादीच्या पोटाच्या पुढच्या भागात जननछिद्राची कठीण, गडद चकती दिसते.

मागच्या टोकाला, सूत सोडणाऱ्या अवयवांना अंड्यांची गोल पिशवी चिकटवून कोळी फिरत असेल, तर ती मादीच. (पिशवी जबड्यात धरलेली असल्यास कुळच वेगळे.) पिल्ले बाहेर आली, की ती आईच्या पाठीवर दाटीने बसतात, आणि अशा मादीवर टॉर्च पडला तर दोन ठळक ठिपक्यांच्या मागे बारीक चमचमीची एक अख्खी रास हलताना दिसते.