राजारामपुरीच्या फ्रिजमधलं इंजेक्शन

डिसेंबरात न्यू जर्सीहून कोल्हापूरला आलो, ते हातातल्या बॅगेत लेकीचं इंजेक्शन घेऊनच. आईस पॅकसोबत, पण गोठणार नाही असं गुंडाळलेलं. राजारामपुरीतल्या घरात शिरल्या शिरल्या फ्रिज उघडला आणि दुधाच्या पातेल्याशेजारी खोकं ठेवलं. आई म्हणाली, "एवढ्याशा पोरीला सुई? स्टेरॉइड असंल तर नको गं बाई."

तिची भीती मला कळते. लेक सात वर्षांची. गेल्या खेपेला आलो तेव्हा एक्झिमानं, म्हणजे इसबानं, तिच्या कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीतली कातडी सोलली होती. रात्री हातांत मोजे घालून झोपवायचो, तरी सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. आई तिचं मनगट धरून रात्र काढायची. कडुलिंबाचं पाणी झालं, पथ्यं झाली, मलमं तर किती झाली.

पण लेकीचं हे इंजेक्शन, ड्युपिलुमॅब, स्टेरॉइड नव्हे, प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी आहे. इंटरल्यूकिन-4 आणि 13 हे शरीरातले दोन निरोपे खाज पेटवतात, सूज वाढवतात. ते पेशीवरच्या ज्या जागी येऊन बसतात, ती जागा हे औषध अडवतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं. बाकीची प्रतिकारशक्ती बरीचशी आपलं काम करत राहते. आजार मुळापासून जातो असं मात्र नाही. डोळे लाल होऊ शकतात, आणि जिवंत विषाणूंच्या लसींबद्दल डॉक्टरांना आधी विचारावं लागतं.

अमेरिकेत 2017 मध्ये मोठ्यांसाठी, 2020 मध्ये सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आणि 2022 मध्ये सहा महिन्यांच्या बाळांपर्यंत याला मंजुरी मिळाली. तरी आमच्या विमा कंपनीनं आधी नकारच दिला. डॉक्टरांनी फोटो आणि वापरलेल्या मलमांची यादी पाठवली, तेव्हा कुठे दोन महिन्यांनी होकार आला. त्या दोन महिन्यांतल्या रात्रींचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

दर चार आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम. फ्रिजमधून काढून पाऊण तास बाहेर ठेवायचं, म्हणजे टोचताना कमी दुखतं. बाबा घड्याळ घेऊन बसले. लेकीनं मांडी पुढे केली, डोळे मिटले, आजीचा पदर मुठीत धरला. झालं.

त्या रात्रीही आई सवयीनं तिचं मनगट धरूनच झोपली. पहाटे उठून बघितलं, तर आईचा हात केव्हाच सुटलेला आणि दोघी गाढ झोपेत.