मलबा कोण उचलणार?

इंदुरात घरकामासाठी ठेकेदार शोधायला निघालं की सल्ल्यांना तोटा नसतो. ओळखीचाच बघा. ओळखीचा मुळीच नको, नंतर तोंड उघडता येत नाही. हे दोन्ही सल्ले बऱ्याचदा एकाच माणसाकडून, एकाच चहाच्या कपात मिळतात. माझा आपला प्रश्न ठरलेला आहे. माणूस दारात आला, भिंतीवर टकटक करून झाली, "हो जाएगा भाभीजी, आप तो टेंशन ही मत लो" म्हणून झालं, की मी विचारते, मलबा कोण उचलणार?

दुसऱ्या गावात हा प्रश्न किरकोळ ठरेलही. 2017 पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणाऱ्या आमच्या इंदुरात नाही. फुटक्या टाइल्स आणि विटांचे तुकडे रस्त्यावर पडून राहिले की पालिकेचे लोक चलान फाडायला हजर, आणि पावती घरमालकाच्या नावाची. ज्याच्या अंदाजपत्रकात मलब्याची ओळच नाही, त्याचा आकडा इतरांपेक्षा लहान दिसणारच. परांची, जुनं प्लास्टर काढण्याची मजुरी, सामान वर चढवण्याची हमाली, हे सगळंही असंच गुपचूप बाहेर राहिलेलं असतं. नंतर एकेक करून ते घरात येतं.

आमचं घर लोकमान्य नगरातलं, जुनं, काळ्या मातीवर उभं. माळव्याची ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं घर आपल्याबरोबर हलवते. मागच्या भिंतीला एक तिरपी भेग आहे. मे महिन्यात तिच्यात बोट जातं, ऑगस्टात नखही शिरत नाही. ती बघायला आलेला पहिला गृहस्थ उभ्या उभ्याच म्हणाला, "सिमेंट भर देंगे, ऊपर से पुट्टी, पता भी नहीं चलेगा." पता न चलणं हीच त्याच्या लेखी दुरुस्ती. दुसऱ्याने भेगेत बोट घातलं, काही न बोलता घराला फेरी मारली आणि गच्चीचा पाइप भिंतीच्या बुडाशी पाणी ओततो तिथे येऊन थांबला. म्हणाला, आधी हे पाणी पायापासून लांब न्या, भिंतीला लागून बाहेरच्या उताराचा कोबा करून घ्या आणि एक पावसाळा जाऊ द्या. भेगेचं मग बघू. हातात आलेलं काम त्याने आपणहून पुढे ढकललं. मला तो तिथेच पसंत पडला. सासूबाईंना नाही.

भेगेशिवाय बाथरूमही नव्याने करायचं होतं, म्हणून त्यांनी त्याला खुर्चीत बसवून विचारलं, बाथरूम कोणाकडे केलंय, आणि जुनं सांगा. त्याने राजेंद्र नगरातलं एक घर सांगितलं, काही पावसाळे काढलेलं. त्या घरच्या बाई भजनी मंडळातल्या निघाल्या (इंदुरातल्या मराठी माणसांत ओळख निघायला दोन वाक्यं पुरतात). सासूबाई गेल्या, चहा प्यायल्या आणि हात धुवायच्या निमित्ताने बाथरूममध्ये शिरल्या. परत येऊन अहवाल दिला: कोपऱ्यात पाणी साचत नाही, हातातल्या पाटलीने टाइल्स वाजवून पाहिल्या, पोकळ आवाज कुठेच नाही, खालच्या खोलीच्या छताला डाग नाही. "नवं काम काय, कोणाचंही चकाकतं," असंही वर म्हणाल्या.

आम्ही त्याची इतकी खोदून चौकशी करत होतो, तेव्हा तोही स्वस्थ बसला नव्हता. आमच्या किराणावाल्याने एक दिवस सहज सांगितलं, "वो ठेकेदार पूछ रहा था, इनका हिसाब कैसा है." म्हणजे महिन्याचं बिल आम्ही वेळेवर देतो का. मला आधी लागलंच ते. मग विचार केला, याला मिस्त्री-मजुरांचे पैसे दर आठवड्याला रोख द्यावे लागतात, आमचे आले असोत वा नसोत. बयाणा घेऊन पळालेल्या ठेकेदारांच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्याकडेही गोष्टी असणारच, शेवटच्या बिलाच्या वेळी ज्यांना रंग एकदम फिका वाटू लागतो अशा घरमालकांच्या. किंवा माप घेताना खिडकी-खिडकी वजा करणाऱ्यांच्या. सरकारी मोजमापाच्या पद्धतीतही प्लास्टर मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करत नाहीत, कारण तिच्या कडा सारख्या करायला हात लागतोच. पण हे बिलाच्या दिवशी सांगून कोणाला पटतं?

म्हणून त्याने सगळं आधीच एका वहीत लिहिलं, मलब्यासकट. बयाणा थोडा, बाकीचे पैसे कामाच्या टप्प्यांवर, आणि शेवटचा हिस्सा पहिला जोरदार पाऊस बघून. टाइल्स बसवायच्या आधी बाथरूमची मोरी बुजवून 48 तास पाणी साठवून ठेवायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि खालच्या छतावर लक्ष ठेवायचं. हे त्यानेच सुचवलं. सिमेंट आलं तेव्हा गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष मला वाचायला लावलं, 3 महिन्यांपेक्षा जुना माल घ्यायचा नाही म्हणाला. रिकाम्या गोण्या जिन्याखाली रचून ठेवल्या, मोजायच्या असतील तर मोजा म्हणून. एक गोष्ट मात्र त्याने अंगावर घेतली नाही. प्लास्टरला निदान 7 दिवस पाणी मारायचं, ते घरच्यांनी. नुसत्या तराईसाठी माणूस पाठवणार नाही. सासऱ्यांनी ते खातं आनंदाने घेतलं. बंडी घालून, हातात नळी धरून ते सकाळ-संध्याकाळ भिंतीपुढे उभे राहत आणि कोरडा ठिपका दिसला की आम्हाला बोलावून दाखवत.

वहीतली शेवटची अट त्याची होती. काम सुरू झाल्यावर बदल नाही, असलाच तर इथे लिहायचा, भावासकट, सहीसकट. ती वाचून सासूबाई हसल्या, "आम्ही काय रोज मन बदलणारी माणसं वाटलो?" टाइल्सच्या पेट्या उघडल्या त्या सकाळी त्या दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, हा निळा रंग दुकानात बरा दिसला होता, पण इथे जरा... ठेकेदाराने कानामागची पेन्सिल काढली, वही उघडून पुढे धरली आणि अगदी अदबीने म्हणाला, "पहले साइन, माताजी."