कवरत्तीची विहीर

परवाच लक्षद्वीपहून परत आले. पुण्याहून कोचीपर्यंत विमान, पुढे परमिट दाखवून जहाज, आणि सकाळी डेकवर आलं की आधी नारळाचे शेंडे दिसतात, जमीन नंतर. इतकी वर्षं जातेय तरी त्या क्षणी पोटात गलबलतंच.

मी शिकले ती पुण्यात, जिऑलॉजी, सगळं काम काळ्या कातळातलं. सासवडकडच्या विहिरी, उन्हाळ्यात दोर लांब करत न्यायचा, पाणी आहे की नाही एवढाच प्रश्न. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर विहीर इतकी उथळ की कठड्यावरून वाकलं की पाणी दिसतं, आणि समुद्राला भरती आली की तेही वर येतं! पहिल्यांदा हे पाहिलं ना, तेव्हाच ठरलं की आपण आता हेच करायचं.

कारण प्रवाळाच्या वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० फूट असतं. म्हणजे पंप लावून वरचं फूटभर उपसलं की खालून खारं किती वर चढेल बघा. (प्रत्यक्षात मधे मचूळ पट्टा असतो, म्हणून हिशोब आणखीच नाजूक.)

पुण्यात सगळे विचारतात, बेटं कधी बुडणार? अहो, बुडायच्या कितीतरी आधी प्यायचं पाणी जातं! २०१४च्या डिसेंबरात मालदीवच्या राजधानीत, मालेमध्ये, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे, आपल्याकडून विमानानं आणि जहाजानं पाणी पाठवावं लागलं. कवरत्तीतही २००५पासून रोज १ लाख लिटरचा प्लांट आहे, खोल समुद्रातलं गार पाणी वापरून चालतो, छानच काम आहे ते, पण मला वाटतं विहीर आणि छपरावरचं पावसाचं पाणी साठवणारी टाकी जपलीच पाहिजे, एका मशीनवर अख्खं बेट ठेवू नये.

मी ज्यांच्या घरी विहिरीच्या पाण्याचा खारेपणा मोजते त्या उम्मा मीटर बघतच नाहीत. करवंटीत पाणी घेतात, घोट तोंडात फिरवतात, मान हलवतात. यावेळी त्यांनी घोट थुंकला. उधाणाची भरती होती, मी दर दोन तासांनी मीटर सोडत होते आणि टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा चढतच होता, ओहोटीनंतरही पूर्ण उतरला नाही. शेजारी नवा पंप बसलाय, त्यांच्याशी बोलायला गेले तर ते म्हणाले, घरात माणसं वाढली, काय करणार? खरंय त्यांचं.

मीटर त्यांच्या नातीकडे ठेवून आले, दर अमावास्या-पौर्णिमेला मोजते ती. आज सकाळी कोथरूडला चहा घेताना तिचा मेसेज आला. आकडा अजून वरच आहे. पाऊस सुरू झाला की मी पुन्हा निघतेय.