भिंतीवरची रेघ

"रंग संपला नव्हता, मुद्दाम ठेवलीय ती," कॅफेवाल्या आजी म्हणाल्या. मी भिंतीकडेच बघत बसलेलो. माझ्या छातीच्या वर चिखलाची तपकिरी रेघ, बाकी भिंत नवीकोरी पांढरी.

पायपोर्ता, स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराला लागूनच. २९ ऑक्टोबर २०२४ ला इथे म्हणे धड पाऊसही नव्हता, वर डोंगरात कोसळला आणि एरवी कोरडा पडलेला ओढा अंगावर आला. मोबाईलवर सरकारी अलर्ट आला रात्री ८:११ ला, तोपर्यंत लोक बुडत होते. २२० च्या वर माणसं गेली त्या पुरात.

परत येताना तुरिया बागेतून चालत आलो. ही बाग म्हणजे नदीचं जुनं पात्र. १९५७ च्या पुरानंतर नदीच वळवून शहराच्या दक्षिणेला नेली, आणि खरंच, यावेळी जुनं शहर वाचलं. (इथे कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी कालव्याच्या पाण्याचे तंटे सोडवायला कोर्ट बसतं, शेकडो वर्षांपासून, म्हणजे पाणी यांना कळत नाही असं नाही हो.) पण नव्या पात्राच्या पलीकडे, पायपोर्तासारख्या गावात राहणाऱ्यांचं काय?

नदी जिथून वाहायची तिथे पोरं फुटबॉल खेळत होती. आणि मला आपली सारखी ती रेघच दिसत होती.