एकच रेघ

आमच्या फार्मसीत फेंटॅनिल तपासायच्या पट्ट्या आल्या त्या जानेवारी २०२३ मध्ये. फेंटॅनिल म्हणजे अफूच्या जातीचं कृत्रिम वेदनाशामक; नशेच्या मालात ते मिसळलेलं असलं तर कणभरानेही जीव जाऊ शकतो. त्याआधी त्या ठेवायची सोयच नव्हती. दुकान फिलाडेल्फिया शहराच्या हद्दीबाहेर, गाडीने दहा मिनिटांवर. अशा पट्ट्या बाळगणाऱ्यावर खटला भरायचा नाही, हे शहराने २०२१ मध्येच आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. पण हद्द ओलांडली की पेनसिल्व्हेनिया राज्याचा जुना कायदा लागू, आणि त्या कायद्यात ही पट्टी म्हणजे नशेचं साहित्य, चिलमीच्याच रांगेत. वर्षभरापर्यंत कैद, अडीच हजार डॉलरपर्यंत दंड.

हे आलं कुठून, तर केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याने, म्हणजे डीईएने, १९७९ मध्ये राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार करून दिला होता. मादक पदार्थाची तीव्रता नि शुद्धता तपासायची साधनंही त्यात बेकायदा धरली होती. फेंटॅनिलचा प्रश्न तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. चाळीस वर्षांनी त्याच कलमात डॉलरभर किमतीची कागदी पट्टी अडकून बसली. जी गोष्ट माणसाला विष ओळखायला मदत करते ती विषाच्याच यादीत टाकलेली. त्या काळात एक छप्पर दुरुस्तीची कामं करणारे गृहस्थ आपल्या मुलीसाठी पट्ट्या मागायला आले होते. त्यांना मला शहराचा रस्ता दाखवावा लागला. त्याचा राग अजून माझ्या मनात आहे.

३ नोव्हेंबर २०२२ रोजी गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी अशा पट्ट्या त्या कलमातून वगळणाऱ्या दुरुस्तीवर सही केली. विधेयक आणलं होतं जिम स्ट्रूझी या रिपब्लिकन आमदारांनी. त्यांचा स्वतःचा भाऊ ओव्हरडोसने गेला होता. साठ दिवसांनी कायदा लागू झाला. आमचं दुकान साखळीतलं नाही, एका मालकाचं आहे, त्यामुळे मालकांना विचारलं आणि शंभर पट्ट्यांचा खोका मागवून टाकला.

तो उघडून फार दिवस झाले नव्हते. दुपारची वेळ, गर्दी ओसरलेली. एक बाई खोकल्याच्या औषधांपाशी बराच वेळ उभ्या होत्या. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर त्या काउंटरपाशी आल्या, माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही मराठी का हो?"

हो म्हटल्यावर त्यांनी फोन पुढे केला. फोटोत निळ्या गोळ्या. एका बाजूला चौकोनात एम, दुसऱ्या बाजूला ३०. "लेकाच्या जॅकेटात सापडल्या. जिममध्ये खांदा दुखावलाय म्हणतो, मित्राने पेनकिलर दिली. पेनकिलरच आहे ना ही?"

या छापाची खरी गोळी मी हाताळते. ती ऑक्सिकोडोन असते, म्हणजे अफूच्याच जातीचं जोरदार वेदनाशामक, ३० मिलिग्रॅम, आणि कुलपात ठेवावी लागते. पण मित्राच्या खिशातून आलेली निळी गोळी बहुतेक वेळा कुठल्या तरी साच्यातून दाबून काढलेली बनावट असते आणि तिच्यात फेंटॅनिल असतं. नुसत्या डोळ्यांनी तो फरक ओळखता येत नाही, मलाही नाही. त्याच २०२२ सालात डीईएच्या प्रयोगशाळेने सांगितलं होतं की फेंटॅनिलच्या बनावट गोळ्यांपैकी दर दहात सहा गोळ्यांमध्ये जीव घेऊ शकेल इतकी मात्रा सापडते. ही मात्रा दोन मिलिग्रॅम धरतात. दोन मिलिग्रॅम म्हणजे पेन्सिलीच्या टोकावर मावेल एवढं.

"ताई," मी म्हटलं, "ही गोळी कुठल्याही औषधाच्या दुकानातून आलेली दिसत नाही."

त्या रडल्या नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पोलिसांत नाव गेलं तर आमच्या ग्रीन कार्डाचं काय?" नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, अर्ज कित्येक वर्षं रांगेत. मुलगा पाचव्या वर्षी इथे आलेला, आता वीस वर्षांचा, आईवडिलांच्या व्हिसावर. एकवीस पूर्ण झाली की ते छत्र जाणार. इथली मराठी माणसं हा हिशोब झोपेतही करत असतात, त्यामुळे मला त्या प्रश्नाचं मुळीच नवल वाटलं नाही. भीतीही उगाच नव्हती. ट्युनिशियाच्या मेलूली नावाच्या एका माणसाला कॅन्ससमध्ये मोज्यात लपवलेल्या चार गोळ्यांवरून देशाबाहेर काढलं होतं. गुन्हा नोंदला होता तो नशेच्या साहित्याचा, आणि साहित्य कोणतं, तर मोजा. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला, पण तोवर वर्षं गेली होती.

मी त्यांना दोन गोष्टी नीट वेगळ्या करून सांगितल्या. गोळ्या घरात असणं हा गुन्हाच आहे, त्याबद्दल वकिलाशी बोला. ही पट्टी घरात असणं मात्र या महिन्यापासून गुन्हा नाही. दुसरं वाक्य म्हणताना माझा आवाज ठाम होता. महिनाभरापूर्वी मला तसं म्हणता आलं नसतं.

पट्ट्या दिल्या, आणि नॅलॉक्सोनचा, म्हणजे फेंटॅनिलसारख्या औषधांचा ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा फवाराही. त्यासाठी पेनसिल्व्हेनियात राज्याचा सरसकट आदेश आहे, प्रत्येकाला वेगळं प्रिस्क्रिप्शन लागत नाही. श्वास मंदावला, ओठ निळे पडले तर आधी ९११ या तातडीच्या नंबरावर फोन, मग फवारा. फोन करणाऱ्याला राज्याचा २०१४ चा कायदा बऱ्याच अंशी संरक्षण देतो, हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "गोळ्या लपवू नका, फेकू नका. त्याच्यासमोर ठेवा आणि तपासणी त्यालाच करू द्या. अडलं तर दुकानात फोन करा, मी नऊपर्यंत आहे."

फोन साडेआठच्या सुमारास आला. स्पीकरवर मुलगा होता. आवाजात चिडचिड. "आंटी, ही रिअल आहे. माझ्या फ्रेंडच्या आजीच्या बाटलीतली."

"असेल," मी म्हटलं. "मग तपासायला काय हरकत आहे?"

अख्खी गोळी चमच्याने चुरायला सांगितली, कोपरा खरवडून चालत नाही. बनावट गोळीत फेंटॅनिल शिऱ्यातल्या बेदाण्यांसारखं पडलेलं असतं: एका घासात एकही नाही, दुसऱ्यात तीन. चुरा पाण्यात पूर्ण विरघळवायचा. पट्टीचं टोक नागमोडी रेघांपर्यंत पंधरा सेकंद बुडवायचं, मग पट्टी सपाट ठेवायची आणि दोन मिनिटं थांबायचं. पलीकडून वाटीवर चमचा घासल्याचा आवाज येत होता. आईचा श्वासही ऐकू येत होता.

"एकच रेघ आली," तो म्हणाला. "निगेटिव्ह."

"देवा," आई म्हणाली.

कोविडच्या घरगुती चाचण्यांनी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हेच बसवलंय. एक रेघ म्हणजे सुटलो, दोन म्हणजे अडकलो. या पट्टीचं उलटं असतं. फेंटॅनिल असेल तर दुसरी रेघ उमटतच नाही. मी काउंटरवरच हे बजावलं होतं आणि पाकिटावरही छापलेलं होतं, पण अशा क्षणी छापलेलं कोण वाचतं?

"बाळा, पाकिटावरचं चित्र बघ," मी म्हटलं. "दोन रेघा म्हणजे सापडलं नाही. एक म्हणजे आहे."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो मराठीत बोलला. "आई, मी गेल्या आठवड्यात एक खाल्लीय."

माझ्या हाताखालच्या मुलीला मी गिऱ्हाईक सांभाळायची खूण केली आणि खुर्चीवर बसले. आई काहीतरी बोलत होती, शब्द कळत नव्हते. मग त्याने मला विचारलं, "माझ्या दोन फ्रेंड्सकडे पण याच आहेत. त्यांना किती पट्ट्या लागतील?"

या प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहितेय. पट्ट्या वाटल्या की पोरं बिनधास्त नशा करतील, असं म्हणणारे मला मराठी मंडळाच्या कार्यक्रमातही भेटतात. मला माहीत आहे ते एवढंच. त्या मुलाने आईचं ऐकलं नव्हतं, माझंही ऐकलं नसतं, आणि शाळेतली भाषणं तर त्याला पाठ होती. स्वतःच्या हाताने केलेल्या तपासणीवर मात्र त्याचा विश्वास बसला, आणि त्याला पहिल्यांदा आठवले ते मित्र. उरलेल्या गोळ्या त्याने संडासात सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः आला, डोळे सुजलेले, आणि पट्ट्यांबरोबर आणखी दोन फवारे घेऊन गेला. त्याला नशेची सवय होती की नाही, हे मी विचारलं नाही. खांद्यासाठी फिजिओथेरपिस्टचा नंबर दिला.

पट्टी सगळं सांगत नाही, हेही प्रत्येकाला सांगते. फेंटॅनिल किती आहे ते तिला कळत नाही. मेथ किंवा एमडीएमए हे नशेचे दुसरे पदार्थ कमी पाण्यात कालवले तर ती नसलेलं फेंटॅनिलही दाखवते. आणि दोन रेघा म्हणजे गोळी निर्धोक, असं तर मुळीच नाही. फिलाडेल्फियाच्या मालात तेव्हा झायलाझीन हे जनावरांचं गुंगीचं औषध सर्रास होतं. त्याने माणसांना हाडापर्यंत जखमा होतात आणि त्यावर नॅलॉक्सोन चालत नाही. फेंटॅनिलच्या पट्टीला ते दिसत नाही.

त्यासाठी वेगळ्या पट्ट्या निघाल्या, आणि इथे पेनसिल्व्हेनियाच्या दुरुस्तीचं शहाणपण कळतं. ज्या राज्यांनी कायद्यात नेमकं 'फेंटॅनिल' एवढंच लिहिलं, तिथे नव्या विषाच्या पट्टीसाठी पुन्हा विधेयक आणावं लागतं. आमच्याकडे शारीरिक इजा किंवा मृत्यू घडवू शकणारी कोणतीही विषारी भेसळ तपासणारी साधनं वगळली आहेत, आणि फेंटॅनिलच्या पट्ट्या त्यातलं फक्त एक उदाहरण. २०२४ मध्ये शहरात झायलाझीनची जागा मेडेटोमिडीन हे जनावरांचंच दुसरं गुंगीचं औषध घेऊ लागलं. त्याच्याही पट्ट्या बाजारात आल्या, तेव्हा मी मालकांना फोन केला आणि त्याच दिवशी मागणी नोंदवली. वकिलाला विचारावं लागलं नाही.