बफी: सिनेमा की मालिका?

१९९२ चा ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ हा सिनेमा पाहिला नसेल तरी त्याच नावाची टीव्ही मालिका बघताना काही अडत नाही. उलट गोंधळ टळतो: मालिकेतली बफी, म्हणजे पिशाच्चं मारणारी शाळकरी मुलगी, शाळेची जिम जाळून लॉस एंजेलिसहून सनीडेल गावी आलेली असते, सिनेमात जिम जळताना दिसतच नाही. सिनेमात छातीत खुंटी घुसली की पिशाच्चाचं प्रेत तसंच पडून राहतं. मालिकेत कपड्यांसकट धूळ! दर भागात प्रेतं हटवायची कटकट मिटली. पण सिनेमात पिशाच्च झालेल्या पॉल रूबेन्स या नटाचं ते कण्हत-कुंथत, लांबतच जाणारं मरण धुळीत शक्य नव्हतं, आणि सिनेमातली सगळ्यात धमाल जागा तीच. १९९७ चा पहिला सीझन १२ भागांचा, जरा कच्चा. खरी पकड दुसऱ्यात येते.