डॉलरच्या नोटा हातात धरून वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया

अमेरिकेत मुलांकडे गेलेली आपली मंडळी वॉशिंग्टनची चक्कर मारतातच. तुम्हीही जाणार असाल, तर निघताना पाच, वीस आणि पन्नासची एकेक नोट वेगळी काढून ठेवा. नोटेमागचं चित्र इमारतीच्या ज्या बाजूचं आहे, तिथेच जाऊन उभं राहायचं. आम्ही तसंच केलं आणि नेहमीच्या ‘हे पाहिलं, ते पाहिलं’पेक्षा मजा आली.

पाचच्या नोटेवरचं लिंकन स्मारक पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळीच गाठा. तिकीट नाही, चोवीस तास उघडं. फॉगी बॉटम मेट्रोपासून वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं. आई-बाबा सोबत असतील तर टॅक्सीच करा. भोवताली ३६ खांब आहेत, लिंकनच्या मृत्यूच्या वेळच्या राज्यांइतके. खांबांच्या वर कोरलेली राज्यांची नावं नोटेवरही आहेत, पण भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. १९५९ ते २००८ मधलं एक सेंटचं नाणं मिळालं तर जरूर पाहा: त्याच्या मागे हेच स्मारक आहे आणि मधल्या खांबांच्या आड बसलेला इवलासा लिंकन दिसतो. म्हणजे नाण्याच्या दोन्ही बाजूंना तोच!

वीसच्या नोटेवरची व्हाइट हाउसची बाजू १९९८ मध्ये बदलली. आधी दक्षिणेकडची होती, आता उत्तरेकडची आहे. त्यासाठी लाफायेट चौकाच्या बाजूनं या. ऊन बहुतेक वेळ इमारतीच्या मागून येतं, त्यामुळे फोटो काळपट येतात; ढगाळ दिवस उत्तम. शेजारीच दहाच्या नोटेवरची ट्रेझरीची, म्हणजे अर्थखात्याची इमारत. तिच्या दक्षिणेला, त्याच नोटेच्या पुढच्या बाजूला असलेल्या हॅमिल्टनचा पुतळा आहे.

खरी गंमत पन्नासच्या नोटेची. तिच्यावर कॅपिटॉलची, म्हणजे संसद भवनाची पश्चिम बाजू आहे आणि नेमका तिथेच, पायथ्याशी, घोड्यावर बसलेल्या राष्ट्राध्यक्ष ग्रँटचा पुतळा. नोटेच्या पुढचा माणूस आणि मागची इमारत एकाच फोटोत येतात. संध्याकाळचं ऊन इमारतीवर पडतं तेव्हा जा. आत जायचं तर फुकट फेरी आधी ऑनलाइन ठरवा. खाणं आणि भरलेली बाटली नेता येत नाही. घुमटाखालच्या दालनात चित्रकार ट्रंबुलचं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं भलंमोठं चित्र टांगलंय, दोनच्या नोटेमागचं. नोटेवर कडेची काही माणसं गाळलीत, ती शोधायला मुलांना लावा.

शंभरची नोट मात्र फिलाडेल्फियाची. वॉशिंग्टनहून आगगाडीनं साधारण दोन तास. नोटेवर आहे तो इंडिपेन्डन्स हॉल, जिथे स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला; त्याच्यासमोर सगळे चेस्टनट स्ट्रीटवर फोटो काढतात. पण २०१३ पासूनच्या नोटेवर मागची बाजू आहे, तेव्हा वळसा घालून वॉलनट स्ट्रीटकडे या. दक्षिणेकडची बाजू असल्यानं उजेड चांगला आणि गर्दीही कमी. आत जायला बहुतेक महिने वेळेचं तिकीट लागतं, ते आधीच काढा. टांकसाळ तिथून पायी काही मिनिटांवर आहे, तीही फुकट. शनिवार-रविवारी जायचा बेत असेल, तर उघडी आहे का ते पाहूनच निघा.

पाच सेंटच्या नाण्यावरचं राष्ट्राध्यक्ष जेफर्सनचं घर, मॉन्टिसेलो, व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलजवळ आहे. गाडी असेल तरच तिकडे वळा, तिकीटही बऱ्यापैकी महाग आहे. नाण्यावर हिरवळीकडची पश्चिम बाजू आहे. घर पाहून झालं की लगेच परतू नका. तिथे राबलेल्या गुलामांच्या वस्तीची माहिती देणारी फेरी असते, ती घ्या. आम्हाला घरापेक्षा तीच जास्त लक्षात राहिली.